उणे ऐंशीतला वाडा

संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी ठोंबरे मॅडम मोठ्या फ्रीझरचं दार उघडायच्या, आत एकवार नजर फिरवायच्या आणि दार लावता लावता म्हणायच्या, "भरलाय." मग पर्स उचलून चालू लागायच्या. दार उघडल्याबरोबर आतली पांढरी वाफ खाली उतरायची, त्यांच्या साडीच्या काठापाशी थोडी रेंगाळायची आणि फरशीवर विरून जायची. मॅडम गेल्या, त्याला आता बरेच दिवस झाले. पण त्यांची आठवण आली की पहिल्यांदा दिसतात ते घोट्यापर्यंत वाफेत बुडालेले त्यांचे पाय. चेहरा नंतर येतो.

शिरूरच्या बाहेर, निमोण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या संस्थेची प्रयोगशाळा आहे. शेतकऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या बुरश्या तिथे वाढवतात. शेणखतात मिसळून जमिनीत टाकल्या की त्या पिकाच्या मुळांना धरून राहतात आणि रोगाच्या बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. कांदा, डाळिंब, ऊस, सगळ्यांना चालतात. मी तिथे भांडार आणि हिशेब बघतो. बुरशीतलं मला काही कळत नाही. ज्या खोलीत जे आहे ते किती आहे, एवढं मला माहीत असावं लागतं आणि ते माहीत नसलं की मला जेवण गोड लागत नाही.

म्हणूनच मॅडमची आणि माझी ओळख भांडणाने झाली. वार्षिक मोजदाद चालू होती. काचेची भांडी झाली, स्पिरिटचे कॅन झाले, साखर झाली, बटाटे झाले. राहिला फ्रीझर. आत उणे ऐंशी अंश थंडी, आणि त्या थंडीत डबे, डब्यांत करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या. प्रत्येक नळीत एकेक बुरशी.

"मॅडम, आत नग किती?" मी विचारलं.

"नग म्हणू नका, जगताप. झोपलेत ते."

"बरं, झोपलेले किती?"

"सगळे."

मी पेन हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "दार उघडं ठेवून मोजत बसलात तर तुमचं मोजून होईस्तोवर अर्धे जागे होतील. आणि अर्धवट जागा झालेला पुन्हा निजला, तर उठेलच असं नाही."

"पण मला आकडा लागतो."

"बघून कळतं की." बोलता बोलता मॅडमची भाषा बदलायची, आणि ती कधी बदलते हे पुढे मला कळू लागलं. "आमच्या आबांनी मेंढरं कवाच मोजली न्हाईत. सांजच्याला वाड्याच्या तोंडाशी उभं ऱ्हायचं, एकदा नजर फिरवायची. एक जरी कमी असलं, तर तिथं भोक दिसतं."

वाडा म्हणजे मेंढरांचा वाडा. वाघरीचं जाळं खुंट्यांना बांधून रात्रीपुरतं केलेलं कुंपण. मॅडमचा जन्म अशाच एका वाड्यावरचा, कोकणच्या वाटेवर कुठेतरी. नेमकं गाव त्यांच्या आईलाही सांगता येत नव्हतं, कारण पहाटे त्या जन्मल्या आणि दुपारी वाडा पुढे गेला.

शेवटी मी डबे मोजले. एका डब्यात नऊ ओळी, ओळीत नऊ खाने. गुणाकार केला आणि कागदावर "अंदाजे" लिहिलं. माझ्या नोकरीत तो शब्द मी त्याआधी कधी लिहिला नव्हता.

मॅडम उंच होत्या, काळ्यासावळ्या. हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका. सुती साडी आणि त्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. खुर्चीवर बारा महिने घोंगडीची घडी असायची. कोणी मोठे पाहुणे येणार असले की शिपाई ती उचलून कपाटात ठेवायचा आणि पाहुणे यायच्या आत मॅडम ती परत काढून खुर्चीवर घालायच्या. विद्यापीठाची मोठी पदवी त्यांच्या नावापुढे होती, पण गावचे लोक त्यांना बाणूताईच म्हणायचे आणि त्या हाकेला त्या लवकर ओ द्यायच्या.

शिकल्या त्या दौंडला. मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. मुलगी हुशार आहे असं दिसल्यावर त्यांनी तिला वाड्यावरून उचलली आणि रेल्वे कॉलनीतल्या एका खोलीच्या घरात आणून ठेवली. मीही दौंडचाच, त्यामुळे त्या कॉलनीच्या गोष्टी आमच्यात निघायच्या. एकदा चहा पिताना मी म्हणालो, "गाड्यांच्या आवाजाने सुरुवातीला झोप लागली नसेल तुम्हाला."

"गाड्यांचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "घर जागचं हालत न्हाई, त्याचं भ्या वाटायचं. सकाळी उठावं तर तीच भिंत. मला वाटायचं, आपल्याला इसरून वाडा फुडं गेला."

"मग?"

"मग काय. मामी म्हणायची, पोरगी येडी हाय, भिंतीला हात लावून बघती. रूळ तेवढे चांगले वाटायचे. ते कुठंतरी जात होते."

असं काही बोलून झालं की त्या कपाकडे बघत बसायच्या. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर ऊन थरथरत असायचं, आत फ्रीझर एका सुरात घुमत असायचा. तो आवाज ऐकणाऱ्याला गुंगी यायची. हिशेबाची बेरीज तिथे बसून कधी बरोबर आली नाही, म्हणून कागद घेऊन मी त्या खोलीत जात नसे. नुसताच जात असे.

बुरशी थंडीत का ठेवायची, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. जिवंत गोष्ट आहे, काचेच्या बशीत खायला घातलं की वाढते, मग चालू द्यावी. बुरशीचं खाणं म्हणजे बटाट्याचा काढा, साखर आणि तो काढा जेलीसारखा घट्ट करायला अगर नावाची पूड. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत सकाळी उकडलेल्या बटाट्यांचा वास दरवळायचा. संस्थेचे एक पदाधिकारी एकदा त्या वासाने आत आले आणि म्हणाले, "मॅडम, आज भाजीचा बेत का?"

"व्हय. बुरशीसाठी केलीय. उरली तर पाठवते."

तर माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "सारखी खायला घालून बुरशी बिघडते, जगताप. या बशीतून त्या बशीत, त्या बशीतून पुढच्या बशीत. आयतं मिळतं, कोणाशी भांडावं लागत नाही. काही पिढ्यांनी ती हिरवी व्हायचंच विसरते. नुसती पांढरी, लोळत पडलेली. मातीत टाकली तर तिला कळत नाही आपण कशाला आलोय. म्हणून ती चांगली असतानाच निजवायची. निजेत काही विसरत नाही."

निजवायची त्यांची रीत मी अनेकदा पाहिली. नळीत थोडं ग्लिसरीन घालायचं, म्हणजे गोठताना आतल्या पाण्याचे काटे होऊन बुरशीला टोचत नाहीत. मग नळ्या स्पिरिटने वेढलेल्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, म्हणजे थंडी एकदम अंगावर न येता सावकाश चढते. उठवताना मात्र उलटं. थेट कोमट पाण्यात, बर्फ दिसेनासा होईपर्यंत हलवत राहायचं. "निजवायचं हळूहळू, उठवायचं झटकन," असं त्या नव्या माणसाला शिकवताना म्हणायच्या. "लेकरांना आपण नेमकं उलटं करतो."

त्या फ्रीझरमध्ये जागोजागची माती निजलेली होती. घोडनदीच्या काठची, चिंचेच्या मुळाखालची, उसाच्या पाचटाखालची. पण मॅडमच्या जिवाची एक वेगळी होती. तिला संस्थेचा क्रमांक होता, तो कोणी वापरत नसे. सगळे "आबांची" म्हणायचे.

मेंढरं असणाऱ्या माणसांना शेतकरी बोलावतात आणि आपल्या रानात वाडा बसवतात. मेंढरं रात्रभर तिथे बसली की लेंडी-मुताने जमीन तयार होते. मॅडमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेवटचा वाडा बसवला तो कारेगावच्या एका रानात. त्यानंतर त्यांनी मेंढरं विकली आणि निमोण्याला जमीन कसू लागले. मॅडम तेव्हा पुण्यात शिकत होत्या. सुटीत आल्या, सकाळी वाडा उठल्यावर त्या जागेवरची मूठभर माती त्यांनी रुमालात बांधून नेली. तिच्यातून एक बुरशी निघाली. वाढायला फार सावकाश, पण एकदा हिरवी झाली की डाळिंबाच्या आणि कांद्याच्या रोगाला कुंडीत तिने हटकून अडवलं. सावकाश वाढते म्हणून संस्थेने ती उत्पादनाला घेतली नाही. पिशव्या भरायला लवकर वाढणारी लागते. त्यामुळे आबांची बुरशी बाजारात कधी गेली नाही, कोणाच्या रानात गेली नाही. जेवढी होती तेवढी त्या थंडीत होती.

आणि कारेगावचं ते रान आता नाही. तिथे गोदामाची शेड आहे आणि सगळीकडे काँक्रीट. एकदा संस्थेच्या जीपमधून आम्ही त्या रस्त्याने चाललो होतो. पाळी सुटली होती, कामगारांच्या मोटारसायकली दोन्ही बाजूंनी वाहत होत्या. मॅडमनी काचेबाहेर बोट दाखवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या निळ्या शेडखाली आबांची मेंढरं बसलीत." मी बघितलं. शेडसमोर ट्रक उभे होते. तरी क्षणभर मला त्यांचं बोलणं खरं वाटलं.

चूक त्यांच्याकडूनही व्हायची. एक मोठी झाली होती, आणि ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. निर्जंतुक टेबलावर जे येईल ते स्पिरिटने पुसून घ्यायचं, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. फ्रीझरची साफसफाई काढली तेव्हा नळ्यांवर साचलेला बर्फ त्यांनी त्याच सवयीने स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. नळ्यांवरची नावं होती साध्या पेनाची. पुसत गेल्या तशी नावं बोळ्यावर उतरत गेली. बोळा निळा झाला तेव्हा त्या थांबल्या. तोवर दोन-तीन डब्यांतली माणसं बिननावाची झाली होती.

मला वाटलं, आता रडारड होणार. मॅडम खुर्चीत बसल्या, घोंगडीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मेंढरांवर कोण नाव लिहितं?"

मग त्यांनी डब्याडब्यांतली एकेक नळी जागी केली आणि बशीत वाढवली. बुरश्या वाढू लागल्या तशा त्यांनी त्या तोंडावरून ओळखल्या. हिची कडा झालरीसारखी, ही पोपटी होते, ही मधोमध बसते आणि मग पसरते. आबांची वासावरून कळते म्हणाल्या, ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो तिला. पण तो त्या स्वतःही घेत नसत. बुरशीचा वास घ्यायचा नाही, छातीत जाते, हा त्यांचा सगळ्यांना घालून दिलेला नियम होता. त्यामुळे ती खूण त्यांनी आठवणीत ठेवली आणि कडा बघून ओळखलं.

आणि त्यानंतर प्रत्येक नळीच्या झाकणाच्या कडेला त्यांनी तापवलेल्या पातीने खाचा पाडल्या. धनगर मेंढरांच्या कानाला खूण करतात, तशा. एक खाच, दोन खाचा, तिरपी खाच. आबांच्या नळ्यांना दोन जवळजवळ आणि एक समोर. घाईत, गारठलेल्या बोटांनी ते काम झालं. नळ्या बाहेर फार वेळ ठेवता येत नव्हत्या. डबे परत आत गेले. संध्याकाळी त्यांनी दार उघडून बघितलं आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. "भरलाय," म्हणाल्या, "पण कायतरी हललंय."

तेव्हा कोणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

फ्रीझर बंद पडला तो एका उन्हाळ्यात, रविवारी. मॅडमना घरी बसवेना म्हणून त्या दुपारीच प्रयोगशाळेत आल्या. दारातच त्यांना कळलं, कारण आवाज नव्हता. यंत्राचं आतलं काहीतरी गेलं होतं, कोणाचा दोष नव्हता. त्यांनी मला दौंडला फोन केला. आवाज अगदी खाली होता.

"जगताप, वाडा फुटलाय. तुमच्या तिथं ते गायी भरवणारे मामा आहेत ना, त्यांचं ते थंडीचं कॅन मिळंल का?"

आमच्या घराजवळ जनावरांचा दवाखाना आहे. तिथे शेळकेमामा कृत्रिम रेतनाचं काम करतात. चांगल्या वळूंचं बीज बारीक कांड्यांमध्ये भरून ते द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवलेलं असतं, उणे ऐंशीच्याही कितीतरी खाली. शेजाऱ्याचा टेंपो घेतला, एक भरलेलं जादा कॅन चढवलं आणि मामा आणि मी शिरूरला आलो. वाटेत सगळं रान उन्हाने पांढरं झालं होतं. मामांनी कॅन दोन्ही गुडघ्यांत धरलं होतं.

"बुरशी?" मामा प्रयोगशाळेत शिरता शिरता म्हणाले. "बुरशी तर फुकट येती की, भाकरीवर. तिच्यासाठी एवढी पळापळ?"

मॅडम नळ्या काढण्यात गुंतल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मामा, तुमचे वळू तरी कुठं वैरण खात्यात? ते बी कांडीतच हायेत."

"आमच्या वळवांना तरास न्हाई ना व्हायचा? न्हाईतर एखादी गाय हिरवी कालवड द्यायची."

"दिली तर पहिली मला दाखवा."

नळ्या द्रवात बुडवायच्या नाहीत, आत शिरलेला द्रव नंतर उकळून नळी फोडतो, म्हणून त्या वरच्या वाफेत टांगायच्या होत्या. बांधायला दोरा सापडेना. मॅडमनी घोंगडीची दशी उसवली. त्या काळ्या लोकरीत नळ्या एकामागे एक गुंफत त्या बसल्या होत्या आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मोजत होत्या.

वरचे डबे वितळले होते, खालचे अजून गोठलेले होते. आबांच्या नळ्या वरच्या खणात, अगदी पुढे होत्या. जवळच्या म्हणून हाताशी ठेवलेल्या. त्यांच्यात पाणी हलत होतं. मॅडमनी त्या वेगळ्या ठेवल्या.

मग सगळ्यांत खालच्या डब्यातल्या, उसाच्या पाचटाखालच्या नळ्या ओवताना त्यांचं बोट एका झाकणावर थांबलं. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा बोट फिरवलं. दोन खाचा जवळजवळ, एक समोर.

"हे हितं कसं?" त्या पुटपुटल्या.

खाचा पाडल्या त्या दिवशीच्या घाईत एक नळी चुकीच्या डब्यात गेली होती. दुसऱ्याच्या वाड्यात शिरलेलं मेंढरू. तिच्यातला बर्फ अजून पांढरा होता. मॅडमनी ती लोकरीत सगळ्यांत शेवटी ओवली, दोन गाठी मारल्या आणि सगळी माळ वाफेत सोडली.

वरच्या नळ्या त्यांनी पुढच्या आठवड्यात एकेक करून उठवून बघितल्या. एकही उठली नाही. बशीतला काढा होता तसाच राहिला, आरशासारखा स्वच्छ. आता आबांची म्हणून जी काही होती, ती दौंडला वळूंच्या शेजारी टांगलेली एक नळी.

ती उघडायला त्या तयार होईनात. मलाही आधी कळेना. उघडली आणि जिवंत निघाली तर हवी तेवढी वाढवता येते, हवी तेवढी परत निजवता येते. यात तोटा कुठे आहे?

"आणि नाही निघाली तर?" मॅडम म्हणाल्या. "फ्रीझर फुटला तवा तिला किती ऊब लागली, कोण सांगंल? न उघडलेली नळी आणि मेलेली नळी हाताला सारखीच गार लागते, जगताप. पण न उघडलेलीत आबा हायेत."



संस्थेने नवा फ्रीझर घेतला, बाकीच्या बुरश्या परत आल्या. ती एक नळी मात्र मॅडमनी मामांकडेच ठेवली. सकाळी ड्यूटीला निघताना मी दवाखान्यात डोकावायचो. मामा हसायचे, "तुमचं पाव्हणं बरं हाय. खात न्हाई, पीत न्हाई, वळवांशी भांडत न्हाई." शिरूरला पोचलो की मॅडम विचारायच्या, "बसलंय?" मी म्हणायचो, "बसलंय." त्यांच्या निवृत्तीच्या वर्षापर्यंत आमचा दिवस असा सुरू होत राहिला.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा धाकटा भाऊ भिवा प्रयोगशाळेत आला. निमोण्याला वडिलांची जमीन तोच कसतो, कांदा करतो. वडिलांनी कळप विकला तरी पुढे भिवाने हौसेने थोडी मेंढरं धरली होती. टोपी हातात घेऊन तो बाकावर टेकला.

"आक्के, मेंढरं काढतो आता. पोरं कंपनीत जात्यात, मागं कोण फिरणार? माझं गुडघं तर गेलं. बाजारात न्यायची हायेत दिवाळी झाल्यावं."

"सगळी?"

"सगळीच. चार ठिवून काय करू, फोटू काढू?"

मॅडम हसल्या नाहीत. घोंगडीच्या उसवलेल्या काठाशी त्यांची बोटं खेळत राहिली. मग म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशी कुठं बसवशील?"

"आपल्याच रानात. कांद्याच्या वाफ्यात. का?"

"मी येते."

तो गेल्यावर त्यांनी मला सांगितलं, "जगताप, उद्या येताना मामांकडून आमचं पाव्हणं घेऊन या."

मामांनी छोट्या कॅनमध्ये थोडा नायट्रोजन ओतून ती नळी माझ्याकडे दिली. त्या दिवशी मी मोटारसायकल न आणता एसटीने गेलो. कॅन मांडीवर, झाकणाच्या फटीतून धूर निघत होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय ओ त्यात?" मी म्हणालो, "म्हातारा माणूस आहे, झोपलाय." का म्हणालो, कोण जाणे. बाईंनी पदर सावरला आणि त्या खिडकीकडे सरकल्या.

मॅडमनी स्टीलच्या लोट्यात कोमट पाणी घेतलं. नळी आत धरली आणि हलवत राहिल्या. खोलीत बटाट्यांचा वास होता, खिडकीतून सकाळचं तिरपं ऊन लोट्यावर येत होतं. नळीतला पांढरा बर्फ बारीक होत होत खसखशीएवढा झाला आणि गेला. थेंब बशीत पडला. मॅडमनी बशी कपाटात ठेवली, दार लावलं.

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. पुढे आठवडा उलटत आला तरी नव्हतं. आम्ही सगळे काही ना काही निमित्ताने कपाटाशी जायचो, काचेतून बघायचो. मॅडम कपाटाकडे फिरकत नव्हत्या.

"सारखं तोंडाशी बसू नका," त्या म्हणायच्या. "मेंढी वितानासुद्धा आबा लांब जाऊन बसायचे. पाठ करून."

पण त्यांनी चहा सोडला होता. कप भरून ठेवलेला तसाच गार व्हायचा.

मग एका सकाळी मी आलो तर मॅडम कपाटासमोर उभ्या होत्या, बशी हातात. मधोमध कापसाच्या तंतूसारखं काही पसरलं होतं, पाहू म्हटलं तरच दिसणारं. दोन दिवसांनी त्याची झालर झाली. नंतर कडेने हिरवा रंग धरला, कोवळ्या शेपूच्या भाजीसारखा. मॅडमनी खोलीचं दार लावलं. बशीचं झाकण एका बाजूने थोडंसं उचललं, नाकाशी नेलं, आणि स्वतः केलेला नियम मोडून डोळे मिटून वास घेतला. मग बशी माझ्यापुढे धरली. सणाच्या सकाळी घरात नारळ खवत असतात, तसा वास.

"उठले," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या घाईत होत्या. पुन्हा नळ्या भरल्या, झाकणांना खाचा पाडल्या, सावकाश निजवल्या. या वेळी निम्म्या खालच्या खणात, निम्म्या दौंडला वळूंकडे. उरलेली बुरशी त्यांनी गुळाच्या पाण्यात आणि शेणखतात वाढवली. बादल्या भरल्या.

दिवाळी झाली. मेंढरं बाजाराला जायच्या आदल्या दिवशी मी त्या बादल्या घेऊन त्यांच्याबरोबर निमोण्याला गेलो. दिवस मावळत आला होता. भिवाने कांद्याच्या रानात खुंट्या ठोकून वाघर लावली होती आणि मेंढरं आत घेतली होती. मॅडमनी चपला बांधावर काढल्या, पदर खोचला, बादली घेतली आणि आत शिरल्या. मेंढरं त्यांच्यासाठी बाजूला होत आणि मागे पुन्हा मिळत. त्या मुठीमुठीने खत पसरत चालल्या होत्या, मेंढरांच्या पायांत, पोटांखाली, घाई न करता. मेंढरं ते तुडवत होती. भिवा बांधावर बसून बघत होता आणि गुडघा चोळत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "आबांना लई आवडलं असतं हे. पण म्हणाले असते, बाणे, चपला घाल, काटा भरंल."

सगळ्या बादल्या रिकाम्या झाल्या तेव्हा सूर्य गेला होता, उजेड तेवढा राहिला होता. मॅडम बाहेर येऊन वाड्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. माझ्या सवयीने मी विचारलं, "किती आहेत हो?"

त्या निवृत्त झाल्यावर त्यांची माझी भेट झाली नाही. त्या निमोण्यालाच राहिल्या आणि पुढच्या थंडीत झोपेतच गेल्या. भिवाच्या रानातला कांदा मी पाहिला आहे, मर रोग नाही त्याला. पण तो नंतरचा भाग. मला दिसतात त्या तेव्हाच्या. मेंढरांच्या पायांनी उठलेली धूळ त्यांच्या घोट्यांपर्यंत आली आहे, साडीच्या काठापाशी रेंगाळते आहे. उद्या सकाळी हे रान मोकळं होणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्या एकदा नजर फिरवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वाघरीचं तोंड बांधता बांधता म्हणतात, "भरलाय."